घरचा हिशेब कळू लागतो तेव्हा

ग्रामीण भारतात चौदा वर्षांच्या मुलामुलींपैकी ३.९ टक्के शाळेबाहेर असतात. अठराव्या वर्षी हे प्रमाण ३२.६ टक्क्यांवर पोचतं. ‘प्रथम’ संस्थेने २०२३ च्या ‘असर’ पाहणीत चौदा ते अठरा या वयोगटाकडेच लक्ष दिलं होतं आणि २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांत घरोघर जाऊन हे आकडे गोळा केले. शाळेत टिकलेल्यांचीही अवस्था फार बरी नाही. या वयाच्या साधारण चौथ्या हिश्शाला आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचता येत नाही आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचं गणित निम्म्याहून अधिक मुलांना सुटत नाही.

याच वयात राज्यव्यवस्थाही हात आखडता घेते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो. बालकामगार कायद्यात २०१६ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यानंतरही चौदा ओलांडलेल्या मुलाला धोकादायक नसलेल्या कामावर ठेवायला कायद्याची आडकाठी नाही. म्हणजे आठवी संपताना दुपारचं जेवण थांबतं, वह्या-पुस्तकांचा, क्लासचा, प्रवासाचा खर्च वाढतो आणि नेमकं त्याच सुमारास पोराला मजुरी मिळायला लागते. ज्या घरात महिनाअखेरीला किराणावाल्याकडे उधारी असते, तिथे या तीन गोष्टी एकत्र आल्यावर काय होणार हे समजायला संशोधनाची गरज नाही. तरीही संशोधन बरंच झालं आहे, आणि ते नीट पाहिलं तर आपल्या काही पक्क्या समजुती हलतात.

पहिली समजूत अशी की गरिबी मुलांवर सरसकट सारखाच परिणाम करते. तसं होत नाही. तीन वर्षांच्या मुलाला भूक कळते, आईचा वैताग कळतो. पण कर्ज किती, व्याज किती, मुकादमाकडून उचल किती घेतली, हे त्याच्या गावी नसतं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला ते सगळं कळतं. बापाने सोसायटीचं कर्ज थकवलंय, आईची पोत गहाण आहे, मोठ्या बहिणीच्या लग्नाचे पैसे अजून फिटलेले नाहीत, हे तो रात्री अंथरुणात पडून ऐकत असतो. त्या हिशेबात आपण खर्चाच्या बाजूला आहोत, हेही त्याला दिसतं. किशोरवयातल्या गरिबीचा सगळा प्रश्न या उमजण्याभोवती फिरतो असं मला वाटतं. शाळा सोडणारं मूल पुष्कळदा अभ्यासाला कंटाळलेलं नसतं. त्याने घराचा भार उचलायचं ठरवलेलं असतं.

या दिशेने पहिलं मोठं काम झालं ते अमेरिकेतल्या १९३० च्या महामंदीवर. कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात १९२०-२१ साली जन्मलेल्या १६७ मुलांच्या नोंदी अनेक वर्षं ठेवल्या गेल्या होत्या. समाजशास्त्रज्ञ ग्लेन एल्डर यांनी त्यांवर आधारलेलं ‘चिल्ड्रन ऑफ द ग्रेट डिप्रेशन’ हे पुस्तक १९७४ मध्ये लिहिलं. ज्या घरांचं उत्पन्न मंदीच्या चार वर्षांत ३५ टक्क्यांहून जास्त घसरलं होतं, त्या घरांतले मुलगे बाहेर किरकोळ कामं करू लागले आणि मुलींनी स्वयंपाकघर व धाकटी भावंडं सांभाळली. वडिलांचा घरातला शब्द हलका झाला, आईचा वजनदार झाला. एल्डर यांना आश्चर्य वाटलं ते पुढच्या गोष्टीचं: यांतले बरेच जण मोठेपणी कोलमडले नाहीत. उलट शेजारच्या बर्कली शहरातली १९२८-२९ साली जन्मलेली, म्हणजे मंदीत अगदी लहान असलेली मुलं, विशेषतः मुलगे, जास्त खचलेले दिसले.

ही गोष्ट इथेच थांबवली तर ‘कष्टाने माणूस घडतो’ हा आपला आवडता निष्कर्ष हाती लागतो. दहावीचा निकाल लागला की दरवर्षी वर्तमानपत्रांत तो छापून येतो: रिक्षावाल्याच्या मुलीला पंच्याण्णव टक्के, हमालाच्या मुलाचं यश. त्या मुलांचं कौतुक व्हायलाच हवं. पण एल्डर यांनी दाखवलेला दुसरा भाग आपण सांगत नाही. ओकलंडची ती मुलं विशीत आली तेव्हा महायुद्धामुळे रोजगार उघडला होता, हजारो तरुण सैन्यात गेले आणि परतल्यावर १९४४ च्या जी. आय. बिल कायद्याने त्यांच्या कॉलेजचा खर्च सरकारने उचलला. संकटात खांद्यावर आलेली जबाबदारी त्यांना उपयोगी पडली, कारण पुढे शिकायची आणि कमवायची वाट खुली होती. वाट बंद असेल तर हीच जबाबदारी मुलाला जिथल्या तिथे अडकवून ठेवते.

अमेरिकेतच पुढे १९८० च्या दशकात शेतीचं मोठं संकट आलं. जमिनीच्या किमती कोसळल्या, व्याजाचे दर चढे होते, कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या जमिनींचे लिलाव झाले. आयोवा राज्यात रँड काँगर आणि सहकाऱ्यांनी १९८९ पासून ४५१ कुटुंबांचा अभ्यास सुरू केला. प्रत्येक घरात सातवीतलं एक मूल होतं. पैशाची चणचण मुलापर्यंत कशी पोचते, याचा माग त्यांनी पायरीपायरीने काढला. बिलं थकली की आईवडील उदास होतात, चिडचिड वाढते, नवरा-बायकोत खटके उडतात, आणि त्या भरात मुलांशी वागणं एकतर कठोर होतं किंवा तुटक. अभ्यास घसरतो, मूल गप्प होतं किंवा बेफिकीर वागू लागतं, ते या शेवटच्या पायरीमुळे. आईबापांतला जिव्हाळा ज्या घरात टिकला, त्या घरातल्या मुलांना तेवढ्याच तंगीचा त्रास कमी झाला. मराठवाड्यात आणि विदर्भात शेतकरी आत्महत्यांच्या घरांत जाऊन काम करणाऱ्यांना यात नवं काही वाटणार नाही. दोनदा पेरणी वाया गेल्यावर बापाचं बोलणं कसं कमी होत जातं, हे त्या घरातल्या नववीतल्या मुलीला कुणापेक्षाही आधी कळलेलं असतं.

काळजीने बुद्धीच मंदावते का, हा प्रश्न २०१३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकातल्या एका लेखाने ऐरणीवर आणला. आनंदी मणी, सेंधिल मुल्लयनाथन, एल्डार शफीर आणि जियाइंग झाओ यांनी तमिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांना तोडणीआधी, म्हणजे हातात पैसा नसताना, आणि ऊस गेल्यावर पैसे आले तेव्हा, त्याच प्रकारच्या चाचण्या दिल्या. तंगीच्या दिवसांत तीच माणसं कमी बरोबर उत्तरं देऊ शकली. या निष्कर्षाचा फार गाजावाजा झाला. मात्र अमेरिकेत पगाराच्या आधी आणि नंतर लोकांची तुलना करणाऱ्या २०१६ च्या एका अभ्यासात असा फरक आढळला नाही. शिवाय ही सगळी प्रौढ माणसं होती. त्यामुळे ‘गरिबीने मुलांचा मेंदू काम करेनासा होतो’ असं जे सर्रास बोललं जातं, त्याला पुरेसा आधार नाही आणि ते बोलणं घातकही आहे. अशाने शिक्षकाला मुलाची आशा सोडून द्यायला एक शास्त्रीय सबब मिळते.

मुलांचा वेळ कामात जातो, याचा पुरावा याहून भक्कम आहे. मनीषा शाह आणि ब्राइस स्टाइनबर्ग या अर्थतज्ज्ञांनी ‘असर’ची माहिती आणि पावसाच्या नोंदी शेजारी ठेवल्या आणि २०१७ मध्ये एक उलटाच वाटणारा निष्कर्ष मांडला. भारताच्या ग्रामीण भागात पाऊस चांगला झाला की पाच ते सोळा वयाच्या मुलांचे गणिताचे गुण घसरतात, हजेरी कमी होते आणि काहींची शाळा सुटते. कारण साधं आहे: पीक चांगलं आलं की मजुरी वाढते, हात कमी पडतात, मुलांनाही काम मिळतं. अकरा ते तेरा या वयात सुकाळाचं एकेक वर्ष वाट्याला आलेल्यांचं पुढचं शिक्षण दर वर्षामागे सरासरी ०.२ वर्षाने कमी भरलं. बाळ पोटात असताना आणि दोन वर्षांचं होईपर्यंत मात्र सुकाळाचा फायदाच होतो. म्हणजे तान्ह्याला घरातल्या पैशाने बळ येतं आणि किशोराला तोच पैसा शेतावर ओढून नेतो. कापूस वेचणीच्या दिवसांत यवतमाळकडच्या वर्गांतली रिकामी बाकं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या आकडेवारीचा अर्थ फोड करून सांगावा लागणार नाही.

आपल्याकडे हा सगळा प्रश्न एका जागी दिसतो तो ऊसतोडीत. बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव, परभणी अशा जिल्ह्यांतून दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परततात. मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला मिळून आगाऊ उचल देतो; त्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. उचल हंगामाआधी खर्च झालेली असते, म्हणून हंगामभर काम केल्यावरही काही घरांच्या अंगावर बाकी राहतेच. अशा घरातल्या मुलाचं शाळेचं वर्ष मधोमध कापलं जातं. लहान असेल तर ते फडावर जातं, झोपडीवजा कोपीत राहतं, धाकट्याला सांभाळतं. नववी-दहावीत असेल तर गावी आजी-आजोबांजवळ राहतं, स्वतःचं जेवण रांधतं, आणि दहावीची परीक्षा नेमकी हंगाम जोरात असताना फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. त्या दिवशी मुलीला डबा करून द्यायला आई कारखान्याच्या तळावर, दोनशे किलोमीटर लांब असते.

यासाठी काही झालं नाही असं नाही. फडांजवळ साखरशाळा निघाल्या, ‘जनार्थ’सारख्या संस्थांनी त्या वर्षानुवर्षं चालवल्या. नंतर मुलांना गावातच ठेवावं म्हणून हंगामी वसतिगृहं सुरू झाली. शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वी गावी ‘शांतिवन’ हा निवासी प्रकल्प उभा राहिला. राज्य सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने ८२ वसतिगृहांची योजना २०२१ मध्ये मंजूर केली. पण हंगामी वसतिगृहांचा भर मुख्यतः आठवीपर्यंतच्या वयावर राहिला, आणि कोयता हातात घेण्याचं वय त्याच्या पुढेच सुरू होतं.

मुलींच्या बाबतीत हे आणखी गुंतागुंतीचं आहे. वयात आलेली पोर सहा महिने गावात एकटी कशी ठेवायची, ही आईची खरी भीती असते. तिला मागासलेपणा म्हणून झटकून टाकणं शहरातल्या माणसाला सोपं जातं. फडावर न्यावं तर तिथे संडास नाही, न्हाणी नाही, आडोसा नाही. मग लग्न करून दिलं की काळजी मिटते आणि जोडी झाल्यामुळे नव्या घराला एक कोयताही मिळतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) वीस ते चोवीस वयाच्या ज्या स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालं, त्यांचं प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के होतं. बीड जिल्ह्यात ४३.७ टक्के. या मुली नापास झाल्या म्हणून त्यांची शाळा सुटली नाही. त्यांच्यासाठी सुरक्षित छप्पर नव्हतं.

आता मुलांच्या दृष्टिकोनाकडे, म्हणजे ती स्वतःकडे आणि आपल्या भविष्याकडे कशी पाहतात याकडे वळू. गरीब घरातल्या मुलांना मोठी स्वप्नंच पडत नाहीत, ही दुसरी पक्की समजूत. २००२ पासून भारतासह इथिओपिया, पेरू आणि व्हिएतनाम या चार देशांत सुमारे बारा हजार मुलांचा मागोवा घेणाऱ्या ‘यंग लाइव्ह्ज’ अभ्यासाने, ज्यात भारतातून आंध्र आणि तेलंगणातली मुलं आहेत, ती खोटी ठरवली. बारा-तेराव्या वर्षी गरिबातल्या गरीब घरांतली मुलंही डॉक्टर, शिक्षक, इंजिनिअर व्हायचं म्हणतात, आणि त्यांच्या आईबापांनाही तेच हवं असतं. इच्छा भरपूर असते. तिथवर जायचे टप्पे मात्र दिसत नसतात. मुंबईत वाढलेले मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी २००४ मध्ये मुंबईच्या झोपडपट्टीवासीयांबरोबरच्या कामातून हेच मांडलं होतं: आकांक्षा बाळगणं ही एक क्षमता आहे आणि ती सरावाने वाढते. डॉक्टरच्या मुलीला अकरावी, नीट, कोटा, राउंड, डोमिसाइल हे शब्द घरातच कानावर पडतात. तोडणी मजुराच्या मुलीला नॉन-क्रीमीलेअरचा दाखला लागतो हेच मुळी प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी कळतं. हुशारीत दोघी सारख्या असल्या तरी एकीला वाट आखलेली मिळते.

मग माहिती दिली की झालं का? रॉबर्ट जेन्सन यांनी डोमिनिकन रिपब्लिकमधल्या आठवीच्या मुलांना शिकल्याने मजुरी खरोखर किती वाढते हे फक्त सांगितलं. तेवढ्याने पुढच्या चार वर्षांत त्यांचं शिक्षण सरासरी थोडं वाढलं. पण सगळ्यांत गरीब घरांतल्या मुलांवर याचा जवळजवळ परिणामच झाला नाही. त्यांनाही पटलं होतं, परवडत नव्हतं इतकंच. करिअर मार्गदर्शन मेळाव्यांवर आणि प्रेरणादायी व्याख्यानांवर खर्च करणाऱ्या प्रत्येक संस्थाचालकाने हा निष्कर्ष टेबलावर ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

आपल्या समाजात दृष्टिकोनाला जातीचं परिमाणही आहे, ते टाळून चालणार नाही. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. ज्या गटांत जात जाहीर केली नव्हती, तिथे दलित आणि सवर्ण मुलांची कामगिरी सारखीच होती. ज्या गटांत सगळ्यांसमोर नाव, गाव, जात वाचून दाखवली, तिथे दलित मुलांचे सुटणारे चक्रव्यूह लक्षणीय कमी झाले. मुलं तशीच होती, चक्रव्यूहही तसेच होते. आपल्याकडे वर्गात उभं करून शिष्यवृत्तीच्या याद्या मोठ्याने वाचण्याची पद्धत अनेक शाळांत आजही चालू आहे. ती एका परिपत्रकाने थांबू शकते आणि थांबायला हवी.

पैसा थेट हाती आला तर काय होतं, याचं उत्तर एका अनपेक्षित जागी मिळालं. अमेरिकेच्या उत्तर कॅरोलिनात चेरोकी आदिवासींच्या मुलांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास १९९३ पासून चालू होता. काही वर्षांनी त्या जमातीने जुगारगृह काढलं आणि त्याच्या नफ्यातला वाटा दर सहा महिन्यांनी प्रत्येक प्रौढाला कोणत्याही अटीविना मिळू लागला. रँडल अकी आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, घरात वर्षाला सरासरी चार हजार डॉलर जास्त आले तेव्हा सगळ्यांत गरीब घरांतल्या मुलांचं एकविसाव्या वर्षापर्यंतचं शिक्षण जवळपास एक वर्षाने वाढलं. आईबाप कामं सोडून घरी बसले नाहीत. मुलांकडे त्यांचं लक्ष वाढलं आणि पोरांचे लहानसहान गुन्हे घटले. काँगर यांनी आयोवात जी साखळी दाखवली होती, ती इथे उलट्या दिशेने सुटताना दिसते.

आपल्या जवळचं उदाहरण बिहारचं. तिथे २००६ पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले गेले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासानुसार योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण त्यामुळे ३२ टक्क्यांनी वाढलं, आणि जिथे शाळा तीन किलोमीटरहून लांब होती तिथे परिणाम सर्वांत ठळक दिसला. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातल्या सायकली आणि मुलींसाठीच्या निळ्या बस, तसंच एसटीचा अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा मोफत पास, यांची कल्पना तीच आहे. बापाला दर महिन्याला पैसे मागायची वेळ मुलीवर येऊ नये, हा त्यातला मोठा लाभ, आणि तो कुठल्याच अहवालात मोजला जात नाही.

हे शहाणपण आपल्याला परक्या अभ्यासांनी शिकवावं लागावं, याचं वाईट वाटतं. छत्रपती शाहूंनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं काढली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह उघडलं. तिथल्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. विद्यार्थी सहाय्यक समितीने १९५५ पासून पुण्यात खेड्यातल्या मुलांची सोय केली. या कुणीही मुलांना जिद्दीवर व्याख्यानं देऊन घरी पाठवलं नाही. त्यांनी आधी छप्पर, दोन वेळचं जेवण आणि अभ्यासाला दिवा दिला. भाऊरावांच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेत मुलाच्या कष्टांना मान होता आणि त्याचं काम शाळेच्या वेळेशी बांधलेलं होतं. घराला आपला भार नको म्हणून धडपडणाऱ्या मुलाची ती सगळ्यांत जाणती व्यवस्था होती.

आज योजना पुष्कळ आहेत, पण मधली पायरी निखळलेली आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अकरावीपासून. मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा २०२४ चा निर्णय स्वागतार्ह, पण त्याचा लाभ बारावी ओलांडलेलीला. नववी-दहावीसाठी सगळ्या जातींच्या गरीब मुलांना खुली अशी ठळक मदत म्हणजे आठवीत परीक्षा देऊन मिळणारी एनएमएमएस शिष्यवृत्ती: वर्षाला १२,००० रुपये, बारावीपर्यंत, आणि देशभर मिळून दरवर्षी एक लाख मुलांना. ज्या शाळांतले शिक्षक सुट्टीत जादा तास घेऊन मुलांना या परीक्षेची तयारी करून देतात, त्यांच्या गावांतली कितीतरी घरं त्यांना दुवा देत असतील. पण ही निवड हुशारांची आहे. चाळीस-पन्नास टक्के मिळवणारी, घर सांभाळून शाळेत येणारी मुलगी तिच्यात बसत नाही, आणि गळते ती तीच.

पोषण आहार दहावीपर्यंत नेणं, ऊसतोडीच्या तालुक्यांत नववी ते बारावीच्या मुलींची वसतिगृहं दिवाळीआधी सुरू होणं, आणि शिष्यवृत्तीची रक्कम सत्राच्या सुरुवातीला खात्यावर पडणं, या तीन गोष्टींना नवं तत्त्वज्ञान लागत नाही. तिसरी तर नुसती कार्यालयीन शिस्त आहे. जूनमध्ये आलेल्या पैशांतून गणवेश, पुस्तकं आणि पासाची सोय होते. तेच पैसे पुढच्या मार्चमध्ये आले तर मुलीने तोवर मामाकडून घेतलेली उसनवारी फेडण्यात जातात, आणि जिला मामाही नसतो तिचं नाव तोवर हजेरीपटावरून कमी झालेलं असतं.